हळदीचा खटला जिंकलो, नरक्याचे काय?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर वर्षातून दोन-तीनदा एक छोटी बातमी येते. तिचा मजकूर जवळपास ठरलेला असतो. रात्रीच्या गस्तीत अमुक घाटात वनखात्याने टेम्पो अडवला, त्यात नरक्याच्या लाकडाची पोती सापडली, चालक आणि दोन मजूर ताब्यात, मुद्देमाल जप्त, पुढील तपास सुरू. तो पुढील तपास कुठवर गेला, पोती कोणाकडे निघाली होती आणि त्या लाकडाचे शेवटी काय होते, याची बातमी मी आजवर वाचलेली नाही. मी आजरा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षे विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत काम केले. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहितो आहे. ते नेहमीच्या पत्रापेक्षा लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

नरक्या हे सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलात वाढणारे लहान ते मध्यम उंचीचे झाड आहे. ते फुलावर आले की जवळून जाणाऱ्याला नाक धरावे लागते, आणि त्याचे नावही बहुधा त्या दुर्गंधीवरूनच पडले असावे. माझ्या लहानपणी या झाडाकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. आता चोरवाटेने तोड झालेल्या जागी गेलात, तर जमिनीलगत कापलेले बुंधे, आजूबाजूला विखुरलेल्या पिवळसर ढपल्या आणि काही ठिकाणी मुळांसकट खणून काढल्याने उघडे पडलेले खड्डे दिसतात. बुंधा शिल्लक राहिला तर नरक्याला पुन्हा धुमारे फुटतात. पण खोडापेक्षा मुळांत औषधी द्रव्य अधिक असते हे तोडणाऱ्यांना पढवले गेले आहे, म्हणून मुळेही जातात आणि त्यांच्यासोबत ते झाड कायमचे जाते.

ते औषधी द्रव्य म्हणजे कॅम्प्टोथेसिन. 1966 मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोन शास्त्रज्ञांनी ते एका चिनी झाडापासून प्रथम वेगळे केले. यातील वाणी यांचा जन्म आपल्या नंदुरबारचा, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे. पुढे 1972 मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचे प्रसिद्ध केले. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावला सिबा या स्विस औषध कंपनीच्या संशोधन केंद्राचे संचालक होते. या द्रव्यापासून बनवलेल्या टोपोटेकन आणि आयरिनोटेकन या औषधांना अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली. आज जगभरातील रुग्णालयांत बीजांडकोशाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ती दिली जातात. माझ्या जवळच्या नात्यातील एका बाईंना यातील एक औषध दिले गेले आणि त्यामुळे त्यांना काही वर्षे अधिक मिळाली. म्हणून या संशोधनाविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे, हे प्रथम स्पष्ट करतो. 1966 किंवा 1972 मध्ये कोणी कोणाचे काही चोरले, असाही माझा आरोप नाही. त्या काळी तसा कायदा नव्हता, आणि नरक्याचा कर्करोगावरील उपयोग हे आमच्या गावच्या कोणा जाणकाराचे ज्ञानही नव्हते. माझा प्रश्न त्यानंतरच्या काळाचा आहे. ज्या डोंगरातून हा कच्चा माल निघतो, त्या डोंगरातील माणसाच्या वाट्याला आजच्या कायद्यानंतरही किलोमागे हातावर टेकवलेली मजुरी किंवा मग वनगुन्ह्याची नोंद, याशिवाय काही का येत नाही?

या विषयावर आपल्याकडे बोलणे निघाले की ते हळदीपाशी सुरू होते आणि हळदीपाशीच थांबते. हळदीची गोष्ट अभिमानाची आहे, यात शंका नाही. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर, या ‘शोधा’वर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. शोधकर्ते म्हणून नोंदलेले दोघेही भारतीय वंशाचे होते. 1996 मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातील माशेलचे आणि मुंबईत वाढलेले. परिषदेने 32 लेखी संदर्भ सादर केले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्दबातल ठरले.

या विजयातील एक बारकावा मात्र शाळेत शिकवताना मीही अनेक वर्षे वगळत आलो. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार एखादी गोष्ट परदेशात लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, एवढे सिद्ध करणे पुरेसे नव्हते. ती कुठेतरी छापलेली असावी लागे. कापले-खरचटले की चिमूटभर हळद दाबून धरणाऱ्या कोट्यवधी आयांची साक्ष त्या कार्यालयात ग्राह्य नव्हती, आणि म्हणून संस्कृत ग्रंथ व 1953 सालचा वैद्यकीय नियतकालिकातील एक लेख शोधून काढावा लागला. अमेरिकेने ही अट 2013 पासून सैल केली. युरोपचा कायदा या बाबतीत आधीपासूनच वेगळा होता. कडुनिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक बनवण्याचे पेटंट अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना तेथे 1994 मध्ये मिळाले होते. त्याला पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी विरोध केला, तेव्हा पुण्याच्या एका कारखानदाराने म्युनिकला जाऊन साक्ष दिली की 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात त्यांनी पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर अशाच अर्काच्या चाचण्या घेतल्या होत्या. ते पेटंट 2000 मध्ये रद्द झाले आणि त्यावरील अपील 2005 मध्ये फेटाळले गेले. सांगलीच्या शिवारात केलेली फवारणी युरोपच्या पेटंट कार्यालयात पुरावा ठरली, ही घटना आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवी.

या दोन्ही लढायांतून आपल्या मनात एक समजूत पक्की बसली, आणि माझ्या मते आजची खरी अडचण तीच आहे. जैवचौर्य करणारा, म्हणजे दुसऱ्याची जैवसंपदा किंवा तिच्याविषयीचे ज्ञान न विचारता नेणारा, नेहमी समुद्रापलीकडचा असतो, आणि ज्याचे चोरीला गेले तो ‘भारत’ असतो, अशी ती समजूत आहे. परक्याने नेले तर चोरी आणि आपल्या माणसाने नेले तर व्यापार, असे आपण मानत आलो. पण हळद वाचली म्हणजे नेमके कोणाचे काय वाचले? ते पेटंट रद्द झाल्याने एखाद्या हळद-उत्पादकाला किंवा जाणकाराला एक पैसाही मिळाला नाही. तसा तो मिळणारही नव्हता, कारण पेटंट रद्द करणे हा बचाव आहे, वाटणी नव्हे. वाटणीसाठी वेगळा कायदा लागतो. 1992 मध्ये रिओ येथे झालेल्या जैवविविधता करारात नेमकी ही वाटणी मान्य केली गेली. देशाचा आपल्या जैवसंपदेवर सार्वभौम अधिकार, पूर्वसंमतीशिवाय ती नेता येणार नाही, आणि नेल्यास होणाऱ्या लाभाचा न्याय्य वाटा द्यावा लागेल, अशी तीन तत्त्वे त्यात आहेत. अमेरिका या कराराची आजही सदस्य नाही. आपण मात्र सदस्य झालो आणि 2002 मध्ये जैविक विविधता कायदा केला. चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण, राज्याराज्यांत मंडळे (आपले मंडळ 2012 पासून नागपुरात आहे) आणि गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती, अशी त्याची उतरंड आहे.

वाटणी प्रत्यक्षात कशी दिसते, याचे आपल्या देशातील सर्वांत जुने उदाहरण हा कायदा होण्यापूर्वीचे आहे. 1987 मध्ये केरळातील अगस्त्य डोंगरात वनस्पतींचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांचे एक पथक गेले होते. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. पुष्पांगदन त्यात होते. चढणीवर पथकातील मंडळी दमून बसली, पण वाट दाखवणारे काणी जमातीचे लोक एका झुडपाची लहान फळे चघळत न थकता चालत राहिले. त्यांनी ती फळे शास्त्रज्ञांनाही दिली. ती कशाची, हे सांगायला मात्र ते सहजासहजी तयार झाले नाहीत. पुढे विश्वासाने सांगितले. ते होते आरोग्यपच्चा. पालोडे येथील वनस्पती उद्यान संस्थेने त्यापासून ‘जीवनी’ नावाचे शक्तिवर्धक तयार केले, कोइंबतूरच्या एका आयुर्वेदिक औषध कंपनीला ते बनवण्याचा परवाना सात वर्षांसाठी 10 लाख रुपये आणि विक्रीवर 2 टक्के स्वामित्वशुल्क या अटीवर दिला, आणि मिळालेल्या रकमेतील निम्मा वाटा काणी लोकांना देण्याचे ठरवले. 1997 मध्ये काणी लोकांचा न्यास नोंदला गेला आणि 1999 मध्ये त्याच्याकडे पाच लाखांहून अधिक रुपये सुपूर्द झाले. जगभर या उदाहरणाचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते.

परंतु त्याच उदाहरणात पुढे आलेल्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. काणी वस्त्या दूरदूर विखुरलेल्या आहेत. न्यासात सुरुवातीला सर्वांचा सहभाग नव्हता आणि ‘आम्हाला विचारले कोणी?’ असे म्हणणारे काणी लोकही होते. झुडपाची पाने जंगलातून गोळा करू देण्यास वनखाते तयार नव्हते, त्यामुळे कंपनीला कच्चा माल मिळेना आणि काणी कुटुंबांनी लावलेल्या रोपांचाही माल अडला. म्हणजे ज्ञानाचा वाटा एका खात्याने कबूल केला आणि पानांवरचा हक्क दुसऱ्या खात्याने नाकारला. नरक्याच्या टेम्पोची बातमी वाचताना मला दर वेळी हे आठवते. आमच्या डोंगरातही वनखाते आणि जैवविविधता समिती यांची एकमेकांशी गाठ फक्त पंचनाम्याच्या वेळी पडते.

आता आपल्याच देशातील मोठ्या उद्योगांकडे वळतो. उत्तराखंडच्या जैवविविधता मंडळाने दिव्य फार्मसी या आयुर्वेदिक औषध कंपनीकडे लाभातील वाटा म्हणून सुमारे 2 कोटी रुपयांची मागणी केली, तेव्हा कंपनीचे म्हणणे असे होते की आम्ही भारतीय आहोत, कायद्याने आम्हाला फक्त मंडळाला आधी कळवण्याचे बंधन आहे, लाभ वाटून देण्याचे बंधन परदेशी कंपन्यांना आहे. 21 डिसेंबर 2018 रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांच्या त्या निकालाचा गाभा असा की जैवसंपदा ही केवळ राष्ट्राची नसून ती राखणाऱ्या स्थानिक लोकांचीही आहे, आणि त्यांचा वाटा बुडवणारा देशी की विदेशी याने त्यांना काही फरक पडत नाही. माझ्या मते हा निकाल हळदीच्या निकालाइतकाच मोलाचा आहे. फरक एवढाच की यावर गावोगावी व्याख्याने झाली नाहीत. आणि मागणी तरी केवढी होती? 2014 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उत्पादकाने आपल्या कारखान्याबाहेर पडणाऱ्या मालाच्या किमतीच्या 0.1 ते 0.5 टक्के द्यायचे होते. म्हणजे शंभर रुपयांच्या मालामागे फार तर पन्नास पैसे.

तेवढेही जड वाटले असावे. 2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. तीत काही चांगल्या गोष्टी आहेत. पोटापाण्यासाठी झाडपाल्याचे औषध देणारा वैद्य, हकीम किंवा औषधी वनस्पतींची शेती करणारा शेतकरी यांना कागदपत्रांच्या फेऱ्यातून मोकळे केले, हे योग्यच झाले. असा त्रास त्यांना कधी व्हायलाच नको होता. पण त्याच वाक्यात ‘ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान’ हेही सूट देण्याच्या यादीत घातले गेले, आणि पूर्वी असलेली पाच वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद काढून 1 लाख ते 50 लाख रुपयांचा दंड ठेवला गेला. ज्या कंपनीची उलाढाल शेकडो कोटींची आहे, तिच्या हिशेबात असा दंड हा खर्चाच्या बाजूला लिहायचा एक आकडा ठरतो. 2025 च्या नव्या विनियमांत 5 कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना सूट देऊन त्यापुढे 0.2 ते 0.6 टक्क्यांचे दर ठेवले आहेत. छोट्या उद्योगाला सूट मिळावी, हे मला मान्य आहे. परंतु मोठ्या उद्योगाने आपले सूत्र अमुक ग्रंथातले आहे असे म्हणायचे आणि बाजूला व्हायचे, ही वाट मोकळी राहिली तर वरचे दर कागदावर राहतील.

ग्रंथातील ज्ञान कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर खुद्द ग्रंथातच दिलेले आहे, म्हणून या मुद्द्यावर थोडा थांबतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, असे सांगितले आहे की वनौषधींची नावे आणि रूपे शेळ्या राखणारे, मेंढ्या राखणारे, गाई राखणारे आणि इतर वनवासी जाणतात. आयुर्वेदाच्या आद्य ग्रंथाने आपले ऋण असे पहिल्याच अध्यायात, नाव घेऊन कबूल केले आहे. त्या गुराख्यांचे आणि धनगरांचे वंशज आजही त्याच डोंगरात आहेत. त्यांचे ज्ञान पोथीत गेले म्हणून ते त्यांचे राहिले नाही, आणि पोथी सार्वजनिक म्हणून तिचा व्यापारी लाभ मात्र खासगी, हा न्याय मला समजत नाही. शिवाय वनस्पती तर पोथीतून उगवत नाही. सूत्र ग्रंथातील असले, तरी मुळी, साल आणि पान हे आजच्या जंगलातूनच येते. ते खणणारी बाई आजची असते आणि ते संपले तर तिचेच संपते.

पारंपरिक ज्ञानाचे जे मोठे संगणकीय ग्रंथालय सरकारने 2001 पासून उभे केले, त्याची मर्यादाही येथेच आहे. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतील लाखो औषधयोग त्यात पाच परदेशी भाषांत उतरवले गेले आहेत आणि त्यामुळे परदेशातील अनेक पेटंट-अर्ज रोखता आले. परंतु जे कधीच लिहिले गेले नाही, ते त्यात नाही. वारली, कातकरी, ठाकर, कोरकू, माडिया, धनगर यांच्याकडील बहुतेक ज्ञान तोंडी आहे.

ते नोंदवण्यासाठी कायद्याने लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. या कल्पनेमागे डॉ. माधव गाडगीळ यांचे अनेक वर्षांचे काम आहे, आणि गावकऱ्यांनी स्वतः बसून, फिरून, वाद घालून ती लिहावी हा त्यामागचा विचार होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये सर्व राज्यांना बजावले की 31 जानेवारी 2020 पर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि नोंदवही तयार झाली पाहिजे, नाहीतर दरमहा 10 लाख रुपये भरा. हेतू चांगला होता. परिणाम काय झाला ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. आमच्या गावच्या नोंदवहीचे काम एका संस्थेला दिले गेले. तिचा एक तरुण दुचाकीवरून आला, ग्रामपंचायतीत तासभर बसला, सरपंचांच्या आणि ग्रामसेवकांच्या सह्या घेऊन गेला, आणि दोन महिन्यांनी सुबक बांधणीची वही पोस्टाने आली. ती उघडून पाहिली तेव्हा वनस्पतींच्या यादीत तिवर होती. तिवर ही खाडीकाठच्या कांदळवनात, खाऱ्या चिखलात वाढते. आमचे गाव समुद्रसपाटीपासून कित्येकशे मीटर उंचीवर, घाटमाथ्यावर आहे. कोकणातल्या कुठल्यातरी गावची यादी तशीच उचलून चिकटवली होती. नरक्याचा उल्लेख नव्हता. आणि ‘गावातील वैदू व औषधी जाणकार’ या पानावर एकच शब्द होता: निरंक.

त्या निरंक शब्दाने मला अस्वस्थ केले, कारण आमच्या धनगरवाड्यावर जनावरांच्या आणि माणसांच्या हाडांवर, कावीळीवर, विंचवावर औषध देणाऱ्या एक आजी आहेत. तीन गावांतून लोक त्यांच्याकडे येतात. समितीच्या वतीने नोंदवही दुरुस्त करायची म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. पडवीत बसवले, ताक दिले, पावसाचे विचारले. औषधांचा विषय काढताच त्या गप्प झाल्या. कोणाला सांगितले तर औषधाचा गुण जातो, असे त्या म्हणाल्या. शिक्षक असताना मी अशा समजुतीला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारले असते. मी त्यांना कायदा समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “मास्तर, वहीत लिव्हल्यावर ते माजं ऱ्हातंय का?”

मला उत्तर देता आले नाही, आणि आजही नीट देता येत नाही. वही सर्वांसाठी खुली ठेवली तर आम्ही गावकऱ्यांनीच आमच्या हाताने व्यापारी शोधकांना फुकटची यादी करून दिल्यासारखे होईल. बंद ठेवली तर उद्या कोणी पेटंट घेतले तेव्हा पुरावा म्हणून ती कोणाला सापडणार नाही. यावर मार्ग असा निघू शकतो की वहीचे दोन भाग असावेत: झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची नोंद सर्वांना खुली, आणि औषधाची कृती, मात्रा, वापरण्याचा भाग ही नोंद बंद, केवळ पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्याला गरजेपुरती दाखवण्याजोगी, आणि तीही जाणकाराने मनापासून परवानगी दिली तरच. आजींनी पुढे तीन झाडांची नावे लिहू दिली. कृती एकाचीही सांगितली नाही, आणि मी आग्रह धरला नाही.

कायद्याच्या भाषेत यालाच पूर्वसंमती म्हणतात, आणि ती आपल्या कायद्यात फार क्षीण आहे. जैवसंपदा कोणाला देण्यापूर्वी प्राधिकरणाने व मंडळाने गावच्या समितीशी विचारविनिमय करावा, एवढेच त्यात म्हटले आहे. गावाने नाही म्हटले तर ते नाही धरावे, असे म्हटलेले नाही. याउलट 2006 च्या वनहक्क कायद्यात जैवविविधतेवर आणि तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा बौद्धिक संपदेचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये गावाने स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. जी ग्रामसभा बांबूचा हिशेब ठेवू शकते, ती औषधी वनस्पतींचाही ठेवू शकते. नरक्याची तोड पूर्ण बंद ठेवायची, की बुंधा राखून, ठरावीक वर्षांच्या अंतराने, ग्रामसभेच्या देखरेखीखाली फांद्या छाटायच्या आणि त्याची किंमत गावाने ठरवायची, हा निर्णय वनस्पतितज्ज्ञांच्या सल्ल्याने त्या त्या गावाला घेऊ द्यावा. आज तो निर्णय दलाल घेतो.

एका प्रामाणिक आक्षेपाचाही विचार केला पाहिजे. नरक्या कोल्हापुरात आहे, तसा कर्नाटकात आणि केरळातही आहे; मग वाटा कोणाला द्यायचा? हाच प्रश्न कडुनिंबाबाबत आणखी अवघड होतो. याचे उत्तर काणी लोकांच्या अनुभवातून थोडेफार मिळते: एकाच गटाला मालक ठरवले की भांडणे लागतात. ज्या ठिकाणाहून माल उचलला त्या ठिकाणच्या समितीला थेट वाटा, आणि जेथे मूळ ठिकाण सांगताच येत नाही तेथे त्या वनस्पतीच्या संवर्धनासाठी सामाईक निधी, अशी विभागणी करता येईल. ती परिपूर्ण नसेल. परंतु हक्कदार नेमका ठरत नाही म्हणून कोणालाच काही द्यायचे नाही, हा युक्तिवाद ज्याच्याकडून पैसे यायचे आहेत त्याच्याच सोयीचा आहे.

जगात या विषयाची चाके फिरत आहेत. 24 मे 2024 रोजी जिनिव्हात एक नवा करार संमत झाला. त्यानुसार पेटंट मागणाऱ्याला आपण वापरलेले जैविक साधन किंवा पारंपरिक ज्ञान कोठून आले, हे उघड करावे लागेल. आपल्या पेटंट कायद्यात जैविक साधनाबाबत ही अट आधीपासून आहे. त्याच वर्षी कोलंबियातील काली येथे झालेल्या परिषदेत आणखी एका नव्या वाटेची दखल घेतली गेली. आता एखाद्या वनस्पतीची साल न्यावीच लागत नाही. तिच्या जनुकांचा क्रम संगणकावर उपलब्ध असला की प्रयोगशाळेत त्यावरून काम करता येते. अशा कंपन्यांनी नफ्याच्या 1 टक्का किंवा उलाढालीच्या 0.1 टक्का रक्कम निधीत द्यावी, आणि त्यातील निदान निम्मी स्थानिक व आदिवासी समुदायांसाठी असावी, असे तेथे ठरले. पण हे देणे ऐच्छिक आहे. टेम्पो अडवता येतो, संगणकावरचा क्रम कुठल्या नाक्यावर अडवणार? म्हणून जे अजून डोंगरात आहे त्याची नोंद आणि त्यावरचा हक्क आत्ताच पक्का करणे निकडीचे आहे.

राज्य शासनाकडे आणि मंडळाकडे माझी विनंती मोजकी आहे. ज्या नोंदवह्या बाहेरच्या संस्थांकडून घाईने करून घेतल्या, त्या ग्रामसभेसमोर मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि चुकीच्या असतील तर रद्द कराव्यात. महाराष्ट्रातील कोणकोणत्या उद्योगांनी कोणत्या वनस्पतीपोटी लाभातील किती वाटा भरला आणि तो कोणत्या समितीच्या खात्यात पोहोचला, हे तालुकावार जाहीर करावे. आमच्या समितीच्या खात्यात आजवर एक रुपयाही जमा झालेला नाही, आणि आसपासच्या ज्या समित्यांच्या सदस्यांशी मी बोललो त्यांचे उत्तरही तेच आहे. ‘ग्रंथबद्ध ज्ञाना’ची सूट ज्ञानापुरती मर्यादित राहावी, जंगलातून उचललेल्या मालाला ती लागू होऊ नये, असा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा.

आणि एक विनंती आपल्याकडे, संपादक महोदय. नरक्याचा टेम्पो पकडल्याची बातमी पुन्हा येईल. पावसाळा संपला की येतेच. त्या वेळी आपल्या वार्ताहराला चालकाच्या आणि मजुरांच्या नावांवर थांबू देऊ नका. ती पोती कोणत्या वखारीत उतरणार होती, कोणत्या कारखान्यात त्यांचा अर्क निघणार होता, तो कोणत्या बंदरातून कोणाकडे जाणार होता आणि त्या कारखान्याने जैवविविधता मंडळाकडे अर्ज केला होता का, हे त्याने विचारावे आणि मिळालेले उत्तर, किंवा उत्तर मिळाले नाही हे, त्याच पानावर छापावे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. आजरा, जि. कोल्हापूर